बजेट: चार हजार दोनशे

जत्रांचा हंगाम उलगला की आमचा ट्रक
कळंब्याच्या माळावर उभा राहतो, चाकांखाली दगड.
पाळण्याच्या खुर्च्या बाहेर ताडपत्रीत,
आत आम्ही तिघं, आणि सहा बाय सात फुटांची ती जागा
जिला मी स्वयंपाकघर म्हणते
आणि सर्जेराव म्हणतो, पुढची बाजू.

सतरा वर्षं झाली.
ओट्याचा सनमायका पापडासारखा फुगलाय,
कपाटाची एक बिजागरी गेली, तिथं सुतळी,
आणि फोडणी दिली की ठसका
आधी झोपलेल्या पोरीला, मग मला.
यंदा हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलं:
चार हजार दोनशे.
खाली दोन रेघा ओढल्या,
म्हणजे कळावं की याच्या खाली काही नाही.

टाइल्स नकोत, दस्तगीर मिस्त्री म्हणाला,
वाडीला पोचस्तोवर सगळ्या झडतील.
तुमचं घर असं पाहिजे, वहिनी,
की ब्रेक लागला तर भांडं वाजावं,
भिंत नाही.

लक्ष्मीपुरीतून चार बिजागऱ्या, पावशेर स्क्रू.
मार्केट यार्डातून आंब्याच्या रिकाम्या पेट्या,
त्यांच्या फळ्यांचं मांडण.
बंद पडलेल्या खानावळीच्या मोडीतला स्टीलचा पत्रा,
कोपऱ्यात अजून तांबड्या रश्श्याचा वास,
दोनदा घासला, मग म्हटलं राहू दे.
एक जुना एक्झॉस्ट पंखा, साडेतीनशेला,
फिरतो, पण आधी बोटानं ढकलावा लागतो.
उद्यमनगरात लेथवरच्या पोरानं
ड्रॉवरला कडी करून दिली, चालत्या गाडीत उघडू नये म्हणून.
पैसे घेईना. पाळण्यात बसवा म्हणाला.
वहीत लिहिलं: कडी, एक फेरी.

मग ओट्यामागचं प्लायवूड काढलं.
धुरानं काळं, तेलानं चिकट.
मिस्त्रीनं पहार घातली, फळी सुटली, उलटी झाली,
आणि पाठीमागं निळंशार आभाळ.
लाल मोटरसायकल. वर एक बाई,
ओढणी मागं उडालेली, दोन्ही हात सोडलेले.
खाली पिवळ्या जाड अक्षरांत:
मौत का कुआँ. डेअरिंग शालन.

मी कधीच दोन्ही हात सोडले नव्हते.
एकच सोडायचे, दहाची नोट घ्यायला.
दुसरा पेंटरनं सोडवला.

तेजू पोटात होती त्या वर्षी विहीर मोडली,
फळ्या विकल्या, गाडी विकून पाळण्याचं बेअरिंग आणलं,
हे सगळं मला माहीत होतं.
पाटीचं तेवढं विचारायचं राहिलं होतं.
सतरा वर्षं मी तिच्या पाठीवर फोडणी उडवत होते
आणि ती तोंड पत्र्याला लावून उभी.

सर्जेराव दारात आला, बघितलं, कान खाजवला.
चांगलं प्लाय होतं, म्हणाला,
वाया कशाला घालवायचं.
म्हणजे तेव्हाही बजेटच होतं.

नव्या सनमायक्याचे सहाशे चाळीस मी खोडले.
फळी धुतली, वॉर्निश मारलं,
चित्र आतल्या बाजूला घेऊन ठोकली.
मिस्त्रीनं पंख्याच्या भोकासाठी पेन्सिलनं गोल काढला,
बरोबर बाईच्या खांद्यावर.
म्हटलं, वीतभर खाली घ्या. अजून. हां, इथं.

आता बटण दाबते, बोटानं ढकलते,
आणि लाल मोटरसायकलचं पुढचं चाक फिरायला लागतं,
खडखडत, माळाच्या दिशेनं धूर ओढत.
तेजू विचारते, खरंच हात सोडून?
मी म्हणते, तव्यावर बघ, भाकरी करपतीय.

अकरा रुपये जास्त झालेत.
दोन रेघांच्या खाली लिहिलेत.